गाणाऱ्या चित्रांचं गाव



गोष्ट ऐकायला कुणाला आवडत नाही? त्यातून त्या गोष्टीत पाताळात उतरणारा मारुती असेल, दारावर अर्धा मासा नि अर्धा वानर असा पहारेकरी असेल, तर मग विचारायलाच नको! पण अशी गोष्ट कुणी गाऊन, एकेक चित्र पुढे ठेवत सांगितलेली तुम्ही ऐकली आहे का? नाही? मग चला माझ्याबरोबर सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या पिंगुळीला.

कोकण रेल्वेनं यायचं आणि कुडाळ स्टेशनावर उतरायचं. तिथून पिंगुळी अगदी जवळ, रिक्षानं पाच-दहा मिनिटांत पोचाल. लाल माती, माडांची बनं, जांभ्या दगडाचे गडगे आणि उतरत्या कौलांची घरं. पाहिलंत तर कोकणातल्या कुठल्याही गावासारखंच गाव. पण इथल्या गुढीपूर वाडीत ठाकर समाजाचे कलावंत राहतात. त्यांच्या घरांत पिढ्यान् पिढ्या एक ठेवा जपलेला आहे, तो म्हणजे चित्रकथीच्या पोथ्या.

पोथी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? बारीक अक्षरांची पानं, हो ना? या पोथीत अक्षरं नाहीतच! आहेत ती नुसती चित्रं. एका कथेची तीस, चाळीस, कधी पन्नाससुद्धा. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवायची की झालं एक पान. चित्रातली माणसं बहुधा एका बाजूनं काढलेली, म्हणजे चेहऱ्याची एकच कड दिसते. पण डोळा कसा? भला मोठा, टपोरा! जुन्या चित्रांचे रंग दगड, माती, पाला यांपासून घरीच केलेले असत.

आता गोष्ट कशी सांगतात ते ऐका. रात्रीची वेळ, देवळाचा सभामंडप, पुढ्यात गावकरी मांडी घालून बसलेले. सांगणारा एक फळी उभी करतो आणि तिला टेकवून पहिलं चित्र ठेवतो. साथीला वीणा, टाळ आणि हुडूक. हुडूक म्हणजे मधोमध बारीक असलेलं, डमरूसारखं वाद्य, बरं का! मग गाणं सुरू होतं. थोडं गायचं, थोडं बोलायचं. राक्षस आला की आवाज घोगरा, सीतामाई बोलली की मऊ. प्रसंग संपला की पान उलटायचं. टीव्ही नव्हता, सिनेमा नव्हता, तेव्हा कोकणातल्या मुलांसाठी हाच पडदा होता!

गोष्टी असतात रामायण-महाभारतातल्या. पण वाल्मीकींच्या रामायणात नसलेल्या, लोकांनी आपल्या मनानं रंगवलेल्या कितीतरी कथाही लोकरामायणात आहेत. अहिरावण-महिरावणाची गोष्ट आजीनं तुम्हांला सांगितली असेल. रामलक्ष्मणांना पाताळात पळवून नेलेलं, मारुती त्यांना सोडवायला निघालेला, आणि वाटेत मकरध्वज उभा! कोण हा? तर मारुतीच्या घामाचा थेंब एका मगरीनं, कुणी म्हणतात मासळीनं, गिळला आणि त्यातून जन्मला तो मारुतीचाच मुलगा. बापलेक एकमेकांना ओळखतच नाहीत. पुढे काय झालं ते आजीलाच विचारा.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली तेव्हा दुसरीतल्या एकानं मला विचारलं, "बाई, असा अर्धा मासा खरंच असतो का?" मी म्हटलं, "समुद्रात नसतो, पण गोष्टीत असतो." त्याला ते लगेच पटलं. मोठ्यांना पटायलाच जरा वेळ लागतो!

पण मित्रांनो, एवढी लांब गोष्ट सांगणाऱ्याच्या लक्षात कशी राहते? पोथीत तर अक्षर नाही. याचं उत्तर दोन गोष्टींत आहे. पुढचं चित्र त्याला पुढचा प्रसंग आठवून देतं, आणि पुढची ओळ आठवून देतं ते यमक. एका ओळीच्या शेवटी 'राती' आलं की जिभेवर आपोआप 'माती', 'हाती', 'जाती' येऊ लागतात. पाढे सुरात म्हटले की लवकर पाठ होतात ना? तसंच हे. म्हणून तर आपल्याकडे मोठमोठ्या कथा पद्यात लिहिल्या गेल्या. श्रीधर कवींनी १७०३ साली 'रामविजय' आणि १७१२ साली 'पांडवप्रताप' हे ग्रंथ ओव्यांत रचले. गावोगाव एक जण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांनाही त्या कथा येत असत.

ओवीची घडण अगदी सोपी आहे. पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक जुळवायचं, चौथा चरण आखूड ठेवायचा. ही पाहा मी केलेली एक:

घोडा निघाला पंख लावून,
म्हणे चंद्राला येतो पाहून,
आईची हाक कानी येऊन
परतला!

जमेल ना तुम्हांला? नक्की जमेल.

आता थोडं मन लावून वाचा. पूर्वी सावंतवाडीच्या राजांचा या कलेला आश्रय होता, देवळांत कार्यक्रम ठरलेले असत. पुढे राजे गेले, सिनेमा आला, टीव्ही आला. चित्रकथी ऐकायला बोलावणारे कमी झाले. पोट तर भरायला हवं! घरातली तरुण मुलं दुसऱ्या कामांकडे वळली. चित्रं मात्र शहरातल्या लोकांना आवडली. आज या शैलीतलं चित्र कुणाच्या तरी दिवाणखान्यात चौकटीत लावलेलं दिसतं. छान दिसतं, पण ते पोथीतलं एकच पान असतं. त्याच्या आधी काय घडलं, नंतर काय घडणार, हे सांगणारा तिथे नसतो. चित्र काचेमागे शंभर वर्षं राहील, पण त्याचं गाणं एका पिढीनं शिकलं नाही तर ते कुठल्या कपाटातून काढणार?

ही काळजी पिंगुळीच्याच एका माणसाला लागली. परशुराम गंगावणे त्यांचं नाव. त्यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचंच संग्रहालय केलं! तिथे चित्रकथी आहेच, शिवाय दोऱ्यांनी नाचणाऱ्या कळसूत्री बाहुल्या आणि पडद्यावर सावली पाडणाऱ्या चामड्याच्या बाहुल्याही आहेत. घरातल्या मुलांनाही त्यांनी ही कला शिकवली. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गोठ्यातून थेट राष्ट्रपती भवन! ही गोष्टसुद्धा ओवीत बांधण्यासारखी आहे, नाही का?

आईबाबांना एक सांगणं. सुट्टीत गोव्याला किंवा मालवणला जाल तेव्हा वाटेत पिंगुळीला थांबा. नुसतं चित्र विकत घेऊन निघू नका. "याची गोष्ट गाऊन दाखवाल का?" असं विचारा, आणि मुलांना पुढे बसवा. ऐकणारे असले तर गाणाराही गातो.

आणि मुलांनो, तोवर घरी एक काम करा. पाठकोऱ्या कागदांवर मनातल्या गोष्टीची पाच चित्रं काढा. उडणारा घोडा, बोलणारा फणस, काय हवं ते! प्रत्येक चित्राला एक ओवी जुळवा. पुठ्ठा उभा करा, ताटलीवर ताल धरा आणि शेजारच्या पोरांना गोळा करून गायला लागा. पान उलटताना कुणी "पुढे काय?" असं ओरडलं, की समजा तुमची पोथी जमली!

तुमच्या बाई