कायनाइटच्या चिठ्ठीवर काय लिहावं

कायनाइटचा निळसर, चपटा, लांबट स्फटिक हातात आला की मी रंगाकडे फारसं बघत नाही, आधी चाकू काढतो. पोलादी टोक लांबीच्या दिशेने ओढलं की पांढरट रेघ उमटते आणि बोट फिरवलं तर बारीक भुकटी लागते. तेच टोक त्याच पृष्ठावर आडवं ओढलं की सटकतं, आणि मागे राहिलेली करडी खूण दगडाची नसून चाकूची असते. मोसच्या मापावर हा स्फटिक लांबीत साडेचार-पाच, तर आडवा साडेसहा ते सात भरतो. आतमध्ये अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजनच्या साखळ्या लांबीच्या दिशेने गेलेल्या असतात. त्यांच्या बाजूने ओरखडा काढणं सोपं, त्या तोडत जाणं अवघड. अनेक तक्त्यांत मात्र ‘काठिण्य ४.५ ते ७’ एवढंच छापलेलं असतं, जणू काही नमुने मऊ निघतात आणि काही कठीण. हा तक्ता मला कधीच पटलेला नाही. खनिज म्हणजे केवळ रासायनिक सूत्र नव्हे; अणूंची रचना आणि ती रचना जिथे घडली ती जागा धरल्याशिवाय त्याची ओळख पुरी होत नाही, असं माझं मत या एका दगडामुळे पक्कं झालं.

सूत्रच बघायचं तर दोन अॅल्युमिनियम, एक सिलिकॉन, पाच ऑक्सिजन. वजनाने सुमारे ६३ टक्के अॅल्युमिना, बाकी सिलिका. पण अँडालुसाइट आणि सिलिमनाइट या दोन खनिजांचंही सूत्र हेच आहे, अक्षरशः हेच. फरक पडतो तो अॅल्युमिनियमभोवती ऑक्सिजन किती, यात. कायनाइटमध्ये प्रत्येक अॅल्युमिनियमला सहा ऑक्सिजनचा वेढा असतो. बाकी दोघांत निम्म्या अॅल्युमिनियमलाच सहा मिळतात. उरलेल्यांना अँडालुसाइटमध्ये पाच, सिलिमनाइटमध्ये चार. त्यामुळे कायनाइट घट्ट बसलेला, घनता ३.६ च्या आसपास, सिलिमनाइट ३.२ च्या थोडा वर आणि अँडालुसाइट जेमतेम ३.१५. दाब वाढला की निसर्ग कमी जागा व्यापणारी मांडणी निवडतो, म्हणून मातकट गाळाचा खडक खोल दबला की त्यात कायनाइट येतो. उथळ पण तापलेल्या जागी, ग्रॅनाइटच्या शेजारी वगैरे, अँडालुसाइट येतो आणि तापमान फार चढलं की सिलिमनाइट. जॉर्ज बॅरो याने १८९३ मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात स्टॉरोलाइट, कायनाइट, सिलिमनाइट असा चढता क्रम जमिनीवर दाखवला होता, तोही दाबाचे एकही यंत्र न वापरता. त्याच स्कॉटलंडच्या ईशान्येला, बुकनकडे, कायनाइटऐवजी अँडालुसाइट भेटतो, कारण तिथे रूपांतर कमी खोलीवर झालं.

खनिजावरून अशी खोली सांगण्यावर जाणकारांचा आक्षेप असतो आणि तो हलका नाही. तिन्ही खनिजं एकत्र नांदू शकतील असा बिंदू १९६९ मध्ये रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी सुमारे ६२० अंश सेल्सिअस आणि साडेपाच किलोबारवर ठेवला; होल्डावेने १९७१ मध्ये तो ५०० अंश आणि पावणेचार किलोबारवर आणला. एवढ्या तफावतीचं माप काय कामाचं? त्यातून ही खनिजं एकमेकांत बदलायला फार आळशी. सिलिमनाइट आणि अँडालुसाइट पृष्ठभागावर स्थिर नसतानाही कोट्यवधी वर्षं तसेच पडून राहतात, आणि एकाच खडकात दोन-दोन सापडतात. आक्षेप खरा, पण निष्कर्ष उलटा निघतो. या तिघांच्या ऊर्जेत फरक फार थोडा, म्हणून प्रयोगातली किंचित गफलत रेषा दूर सरकवते. क्रम मात्र कोणीही बदललेला नाही. आणि आळशीपणा नसता तर वर येताना सगळेच बदलून गेले असते, खोलीची साक्ष द्यायला कोणी उरलं नसतं. दोन खनिजं एकत्र असली तर कोण कोणाला खातं आहे हे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बघावं लागतं, एवढंच.

आपल्याकडे महाराष्ट्र म्हटलं की काळा बेसॉल्ट डोळ्यांपुढे येतो, आणि बेसॉल्टात कायनाइट शोधणं व्यर्थ. पण भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या प्राचीन रूपांतरित खडकांत, पोहरा, मोगरा, गरकाभोंगा, दहेगाव या भागांत कायनाइट आणि सिलिमनाइटचे साठे आहेत. सोबत पायरोफिलाइट, टुर्मलीन, टोपाझ, कुरुंद. टुर्मलीनला बोरॉन लागतो, टोपाझला फ्लोरिन. म्हणजे इथे दाब-तापमानाच्या जोडीला खडकांतून फिरलेल्या उष्ण द्रवांचाही हात असणार. नुसत्या सूत्रातून यातलं काहीच कळत नाही.

उष्णतारोधक विटांसाठी कायनाइट घेणारा भट्टीवाला म्हणेल, मला अॅल्युमिनाची टक्केवारी पुरे, बाकी पुराण तुमच्यापाशी ठेवा. त्याचाही हिशेब इथे चुकतो. कायनाइट साधारण १,३०० अंशांपुढे मुलाइट आणि सिलिका यांत बदलतो आणि तसं होताना १६ ते १८ टक्के फुगतो. कच्चाच विटेत घातला तर वीट तडकते, म्हणून तो आधी भाजून घ्यावा लागतो. अँडालुसाइट फार कमी फुगतो, तो कच्चा चालतो. मेघालयातल्या सोनापहाडचा घट्ट सिलिमनाइट तर कापून ठोकळ्यांच्या रूपात काचेच्या भट्ट्यांना लावत. सिंहभूमच्या लापसा बुरूचा कायनाइट परदेशात मान मिळवून होता तो याच कारणाने: तो गठ्ठ्यांत मिळे आणि भाजूनही ढेकूळ टिके, तर अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचा कायनाइट गारगोटीच्या खडकातून बारीक कणांत वेगळा करावा लागे. टक्केवारी तीच असली तरी भट्टीतलं वागणं वेगळं.

तेव्हा महाविद्यालयांच्या संग्रहांना आणि दगड जमवणाऱ्या हौशी मंडळींना एकच विनंती. नमुन्याच्या चिठ्ठीवर सूत्र नसलं तरी चालेल, ते कुठल्याही पुस्तकात सापडतं. गाव, आजूबाजूचा खडक आणि सोबतची खनिजं मात्र नमुना उचलताच लिहा. ती माहिती नंतर कुठल्याही प्रयोगशाळेतून सहजी परत मिळत नाही.