पानशेत ते पुलाची वाडी

पानशेतच्या पायथ्याशी उभं राहिलं की समोर धरण आहे असं वाटतच नाही. गवताने माखलेली लांबलचक टेकडी दिसते. मातीचं धरण, आंबी नदीवरचं. कागदोपत्री जलाशयाचं नाव तानाजीसागर. पुणेकरांसाठी मात्र पानशेत ही एक तारीख आहे, १२ जुलै १९६१. त्या दिवशी हे धरण फुटलं आणि पुण्यात पूर आला.

सोबत मावशी होती. पूर आला तेव्हा ती आठ वर्षांची, शनिवार पेठेतल्या वाड्यात राहायची. पाणी जिन्याच्या कितव्या पायरीला टेकलं, शेजाऱ्यांची ट्रंक कशी तरंगत गेली, भिजलेल्या धान्याचा वास किती दिवस हटत नव्हता, सगळं तिला तोंडपाठ.

"पण मावशी, धरण फुटलं कशानं?"

"अरे, पाऊस केवढा होता तेव्हा!"

पाऊस होताच. पण १९६२मध्ये पुरं व्हायचं धरण वर्षभर आधीच भरून घ्यायचं ठरलं होतं, हे तिच्या गोष्टीत कधीच येत नाही. पाणी सोडायच्या मोरीच्या दरवाजांचं काम अर्धवट असतानाच पावसाळा आला नि जलाशय भरत गेला. त्या पाण्याच्या दणक्यांनी मोरी हादरली, वरचा भराव खचू लागला. ११ तारखेच्या रात्री लष्कराचे जवान धो धो पावसात खचत्या माथ्यावर वाळूची पोती रचत होते. सकाळी धरण गेलं.

परतीच्या वाटेवर खडकवासल्याच्या चौपाटीवर थांबलो. रविवारची जत्रा, भाजलेली कणसं, कांदाभजी. १८७०च्या दशकातलं हे दगडी धरण ऐंशीएक वर्षं मुकाट्याने उभं होतं. त्या दिवशी पानशेतचा लोंढा अंगावर घेऊन तेही काही तासांत फुटलं. त्याने थोडा तरी वेळ दिला, म्हणून अनेकजण वाचले. नाहीतर मावशी कणीस खायला सोबत नसती.

पुढे सिंहगड रस्ता, म्हणजे वाहतूक कोंडी. नदीकडे वळून एकतानगरीत शिरलो. २५ जुलै २०२४च्या पहाटे इथली माणसं उठली ती पार्किंगमध्ये बुडलेल्या गाड्या बघायला. खडकवासल्यातून रात्रीतून विसर्ग वाढवत ३५ हजार क्युसेकपर्यंत नेला होता. आम्हाला वेळेत कुणी सांगितलंच नाही, ही रहिवाशांची तक्रार. ४ ऑगस्टला पुन्हा तेच. नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखलेल्या असतात. निळी २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. रेषा नकाशावर राहतात आणि राडारोड्याचे ट्रक नदीपात्रात रिकामे होतात.

माणूस चुकांतून शिकत नाही, कारण तो विसरतो, असं आपण सहज म्हणून जातो. मला ते पटत नाही. पुणेकर पानशेत अजिबात विसरलेले नाहीत. त्यांनी पाण्याची उंची लक्षात ठेवली आणि धरण भरून घ्यायची घाई गोष्टीतून गाळून टाकली. पावसाला दोष दिला की कुणाला आपला निर्णय तपासावा लागत नाही.

लकडी पुलाशी आलो. पानिपत १७६१चं, हा पूलही त्याच सुमाराचा, आणि पानशेत १९६१चं. पुण्याला ६१ साल काही मानवत नाही, असं मावशीच म्हणाली. पुलाखाली नदीपात्रातला रस्ता, त्यावर ओळीने गाड्या लावलेल्या. जवळच पुलाची वाडी. २५ जुलैच्याच पहाटे पाणी चढतंय म्हणून हातगाडी हलवायला गेलेले तिघे इथे विजेच्या धक्क्याने गेले.

नदीकाठी घर बघायला जाल तेव्हा बिल्डरचं माहितीपत्रक बाजूला ठेवा. आधी पूररेषेचा नकाशा मागा आणि आपली इमारत लाल रेषेच्या कुठल्या बाजूला आहे ते स्वतः बोट ठेवून बघा.