होनोलुलू–गुआम: मधली टिपणे

१.
होनोलुलू ते गुआम, सरळ रेषेत सुमारे ६,१०० किलोमीटर. अंतराचा प्रश्न इथे संपतो.

२.
वेळेची उत्तरं दोन. युनायटेडचं थेट विमान: आठेक तास. त्याच कंपनीचं ‘आयलंड हॉपर’: चौदा-पंधरा तास. मधे माजुरो, क्वाजलेन, कोस्राए, पोनपेई, चुक. काही वारी कोस्राए वगळतात.

३.
हॉपरमध्ये वैमानिकांबरोबर मेकॅनिकही असतो, आणि विमानाच्या पोटात सुटे भाग. कोस्राएत विमान बिघडलं तर मेकॅनिक बोलवायचा कुठून?

४.
एअर मायक्रोनेशिया या कंपनीने १९६८मध्ये हॉपरची ही सेवा सुरू केली तेव्हा वाटेत पोवळ्याच्या खडीच्या धावपट्ट्या होत्या. खडे उडून लागू नयेत म्हणून बोइंग ७२७च्या पोटाला टेफ्लॉनचा लेप. तोच, नॉनस्टिक तव्यावरचा.

५.
मार्शल बेटांमधलं क्वाजलेन हा अमेरिकी लष्कराचा तळ. क्षेपणास्त्रांच्या चाचण्या चालतात. परवानगी नसेल तर विमानातून खाली पाय ठेवायचा नाही. तळावर कामाला असलेले बरेचसे मार्शलीज शेजारच्या इबाय बेटावर राहतात. सकाळी फेरीबोटीने यायचं, काम झालं की परत जायचं.

६.
गुआमचं घड्याळ होनोलुलूच्या २० तास पुढे. मंगळवारी सकाळी सातला गुआमहून निघा. वारा पाठीशी असला तर सातेक तास. होनोलुलूत उतराल तेव्हा सोमवारची संध्याकाळ, सहा वाजलेले. मंगळवारचा उपास असणाऱ्याने काय करायचं, हे तिकिटावर छापत नाहीत.

७.
क्वाजलेन पूर्वी अमेरिकेकडचा वार पाळायचं. ऑगस्ट १९९३मध्ये उरलेल्या मार्शल बेटांशी वार जुळवून घेतला. त्यात एक अख्खा दिवस गेला.

८.
माजुरोची धावपट्टी. एका अंगाला महासागर, दुसऱ्या अंगाला लगून. पट्टीवर पडलेलं पावसाचं पाणी गोळा करून तलावांत साठवतात, शुद्ध करून गावाला देतात. मुसळधार लागली की प्रवासी वैतागतात, गाव खूश.

९.
१९३५. पॅन अ‍ॅमचं ‘चायना क्लिपर’, पाण्यावर उतरणारं विमान. होनोलुलू, मिडवे, वेक, गुआम. दिवसाला एक टप्पा, रात्री बेटावर मुक्काम. पहिल्या फेरीत प्रवासी नव्हतेच; पत्रं होती.

१०.
मार्शल बेटांवरचे दर्यावर्दी काड्या बांधून, त्यांवर शिंपले लावून लाटांचे नकाशे करत. ते किनाऱ्यावर पाठ करायचे. होडीत न्यायचे नाहीत.

११.
कॅरोलाइन बेटांवरच्या नावाड्यांचा हिशोब असा: होडी जागेवरच, बेटं सरकतात. फोनवरचा निळा ठिपकाही पडद्याच्या मधोमध उभा. सरकतो तो नकाशा.

१२.
१९७६. याच कॅरोलाइन बेटांपैकी सातावलचे नावाडी माउ पियाइलुग यांनी ‘होकुलेआ’ ही जोडहोडी हवाईहून ताहितीला नेली. होकायंत्र नाही, नकाशा नाही. महिनाभर लागला. वाटेत खलाशांची भांडणं इतकी झाली की परतीला माउ होडीत चढलेच नाहीत.