वळसा

वाटेचं वाटोळं होतं ते वळणावर. सरळ पट्ट्यात चढ जास्त झाला तर चार चिरे आडवे टाकून भागवता येतं. पण सड्यावरून खाली उतरणारी वाट जिथे तोंड फिरवते, तिथे उभी हयात घातली तरी मनासारखं वळण एकच साधलंय, आणि तेही माझं एकट्याचं नाही.

कुणकेश्वर, कातवण, मिठबाव या भागात लोकांच्या बागांतून, काजूच्या रानांतून वाटा काढून देणं हा माझा धंदा. बाहेरच्या अंगाला कल किती ठेवायचा, पाणी कुठे तोडायचं, हे या कामातल्या माणसाला सांगायला नको. वळणाचं दुखणं वेगळं. तिथे पाणी निमित्ताला, गुन्हेगार माणूस. वरून येणाऱ्याला खालचा पट्टा दिसला, की त्याचे पाय वळसा घालायला तयार होत नाहीत. तो आतल्या अंगाने सरळ खाली उतरतो. एप्रिल-मेमध्ये डोक्यावर आंब्याचा क्रेट घेतलेला गडीसुद्धा तेच करतो.

आधी नुसता पाचोळा दबतो. मग गवत जातं. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला, की आजवर वळणाबाहेर जाणारं पाणी त्या दबलेल्या रेघेत शिरतं. बोटभर रुंदीचा चर पडतो. आषाढात त्यात टाच बसते. श्रावणात काजूची मुळं उघडी पडतात, तांबडी माती वाहून जाते आणि खालची पिवळट चिकण माती वर येते. तिच्यावर पाय ठरत नाही म्हणून लोक आणखी बाजूने उतरतात, आणि तिथे दुसरा चर पडतो.

उपाय मी सगळे केले. आतल्या कोपऱ्यात करवंदीची जाळी राखली. कोयती चालवून तिच्यातून लोक गेले. पहारीने लोटून मोठा धोंडा बसवला. त्याला धरून उतरायला बरं पडतं, असं एका गड्याने मला कौतुकाने सांगितलं. खालचा पट्टा दिसूच नये म्हणून वळण किंजळीच्या आड नेलं. त्यावर बागेचा मालक म्हणाला, “माणसां काय बैल आसत, एवढो वळसो घालूक?” बैल वळसा घालतात हे त्यालाही ठाऊक होतं. गुरांनी पाडलेली वाट कधी बघा: डोंगराच्या अंगाने हळूहळू चढत जाते, घाई कुठे नाही. आमच्या इंजिनिअरांनी गुरांमागून एकदा फिरावं.

त्यात पुन्हा कायदा. जमीन महसूल संहिता 1966, कलम 143. दुसऱ्याच्या हद्दीवरून आपल्या जमिनीत जायची वाट तहसीलदार देऊ शकतो. न्याय म्हणून ठीक. पण आमच्याकडे हद्द म्हणजे गडगा, आणि गडगा कित्येकदा सड्यावरून नाकासमोर खाली उतरलेला. त्याच्या कडेने वाट काढली की पहिल्या पावसात व्हाळ तयार. आत सरकून, वळणं घेत उतरावं म्हटलं तर मालकाला 1882 च्या सुविधाधिकाराच्या कायद्याची धास्ती: शेजाऱ्याने वीस वर्षं बिनदिक्कत, हक्काने ये-जा केली की वहिवाट बसते. आणि मालक तरी कोण? सातबाऱ्यावर नावांची रांग. एक मुंबईला, एक बडोद्याला, दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. वळण हातभर पुढे न्यायचं तर परवानगी कुणाची घ्यायची? महाशिवरात्रीला देवस्वाऱ्या चालत कुणकेश्वराच्या भेटीला निघतात, तेव्हा मात्र गट नंबर कुणी विचारत नाही.

हल्ली धंद्यात नवी मंडळी आलीत. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पुढे होमस्टे आले, आणि प्रत्येकाला ‘नेचर ट्रेल’ हवीशी झाली. ग्रासकटर फिरवायचा, झाडांवर रंगाचे बाण मारायचे, झाली ट्रेल. काहीजण जेसीबी घालतात आणि झाडाची मुळं तोडून ‘रुंद केली’ म्हणतात. काही मशीनने कापलेल्या चिऱ्याच्या पायऱ्या लावतात. दिसतात छान, पण तो चिरा गुळगुळीत. शेवाळ धरलं की म्हातारी माणसं त्या पायऱ्या सोडून बाजूच्या गवतातून चालतात. हाताने ताशलेल्या चिऱ्यावर हत्याराचे घाव असायचे, त्यात पाय धरायचा.

खरं सांगायचं तर जुलैत जरा उघडीप मिळाली की मी छत्री घेऊन दुसऱ्यांच्या वाटा बघायला जातो. कुठे पायरी निखळलेली दिसली की त्या दिवशी चहा गोड लागतो. माझी वाट टिकलेली असेल, तर तिथे उगाच रेंगाळतो. कुणीतरी यावं आणि ‘ही कुणी काढली’ म्हणून विचारावं. चांगली वाट चालणाऱ्याच्या लक्षातही येऊ नये, असं मी चारचौघांत मोठ्या तोऱ्यात सांगतो. मनातून ती सगळ्यांच्या लक्षात यावी असंच वाटत असतं.

गुडघ्याने दगा दिला तेव्हा हाताखाली एक मुलगा घेतला. देवगडच्या बागांत राखणीला नेपाळी माणसं किती आहेत, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. हा त्यांच्यातलाच, डोंगरातला. कातवणच्या एका बागेत माझं बिघडलेलं वळण तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “काका, इथे ओझं कुठे ठेवायचं?”

त्यांच्याकडे चढाच्या वाटेवर चौतारी असते. झाडाखाली दगडाचा ओटा, पाठीवरचं ओझं उभ्याउभ्या टेकता येईल इतका उंच. त्याने वळणाच्या अगदी बाहेरच्या टोकाला, जुन्या रायवळाच्या सावलीत, पडक्या घराचे चिरे आणून तसा ओटा रचला. आमचे गडी ओझं डोक्यावर नेतात, म्हणून त्याने एका गड्याला क्रेट घेऊन उभा केला आणि त्याच्या छातीची उंची धरली. कुणी हात लावायला लागू नये, वाकायला लागू नये, क्रेट नुसता पुढे सरकवावा. मी त्याला फुकटचं बांधकाम म्हटलं. मालकही कुरकुरला.

त्या मे महिन्यात गडी वरून आले की ओट्याकडे जात. क्रेट सरकवत, घाम पुसत, तंबाखू मळत, आणि खालच्या पट्ट्याला लागत. ओट्यापाशी पोचलेल्या माणसाचा वळसा घालून झालेलाच असतो. आतल्या कोपऱ्यातलं गवत तसंच राहिलं आणि पावसात पाणी बाहेरच्या बाहेर गेलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी त्या मुलाशी काही दिवस तुटकच बोललो. गावात ते माझं वळण म्हणून ओळखलं जातं, आणि कुणी तसं म्हटलं की मी विषय बदलतो. नाकारत मात्र नाही.

ज्यांना बागेतून वाट काढून घ्यायची आहे त्यांना एक विनंती. लोक मला दिवाळीनंतर बोलावतात, रान कोरडं झाल्यावर. तेव्हा पाणी कुठून धावलं त्याच्या खुणा गवताखाली गेलेल्या असतात. जागा दाखवायला भर जुलैत बोलवा. छत्री माझी मी आणीन. आंबा उतरवताना तुमचे गडी कुठे टेकतात तेही मेमध्येच बघून ठेवा. प्रत्यक्ष काम जानेवारीत करू. त्या मुलाची मजुरी माझ्याइतकीच पडेल. त्यात घासाघीस नको.