डंप फाइलमधला फेरफार

सातबाऱ्यावर आज ज्याचं नाव आहे, त्याच्याकडे ती जमीन कशी आली हे सातबारा नीट सांगत नाही. त्यासाठी गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, उघडावी लागते. सेलू असो की गंगाखेड, भावकीतला वाद तहसीलमध्ये गेला की पहिला प्रश्न येतो, ‘फेरफार नंबर काय?’ वारसाची नोंद, खरेदीखत, बोजा, प्रत्येकाला आपला क्रमांक. हस्तलिखित सातबाऱ्यावर कमी झालेलं नाव कंसात जायचं, पण वाचता यायचं. नोंद रद्द झाली तरी तिचा क्रमांक दुसऱ्या कुणाला देत नाहीत.

संगणकाच्या प्रोग्रॅमलाही अशी नोंदवही असते. परभणीत बसून जुन्या नोंदवह्या नव्या प्रणालीत हलवण्याचं काम प्रस्तुत लेखक करतो, आणि या कामाला लोक ‘बॅकअप घेणं’ म्हणतात याचं त्याला मनापासून वाईट वाटतं. बॅकअपमध्ये आजची फाइल मिळते. ती कुणी, केव्हा, कशासाठी बदलली, हे नोंदवहीतच असतं.

संपादकांनी लेख मागितला तेव्हा असंच एक काम हाताशी होतं. एका कंपनीची बऱ्याच वर्षांची सबव्हर्जन रिपॉझिटरी, म्हणजे सबव्हर्जन या प्रणालीत ठेवलेली प्रोग्रॅममधल्या बदलांची नोंदवही. सुरुवातीच्या काळात कुणीतरी डेटाबेसचा पासवर्ड थेट सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून ठेवला होता. पुढे तो फाइलमधून काढला, पण इतिहासात राहिला. सबव्हर्जन २००० साली कोलॅबनेटमध्ये सुरू झालं, १.० आवृत्ती फेब्रुवारी २००४ मध्ये आली. एखादी गोष्ट इतिहासातून समूळ पुसण्याची आज्ञा मात्र त्यात दिलेली नाही. उपाय एकच: सगळा इतिहास डंप फाइलमध्ये काढायचा, ती दुरुस्त करायची आणि रिकाम्या रिपॉझिटरीत परत भरायची.

कंपनीतल्या मुलांनी ती फाइल साध्या एडिटरमध्ये उघडली, पासवर्डच्या जागी फुल्या टाकल्या आणि भरायला घेतली. भरणं मधेच थांबलं. ते थांबणारच होतं.

डंपमधली प्रत्येक नोंद आधी आपली लांबी सांगते, मग मजकूर देते. पहिल्याच, शून्य क्रमांकाच्या नोंदीत बहुधा ५६ हा आकडा दिसतो. तो हाताने मोजता येतो. ‘के ८’ या ओळीचे ४ बाइट, तारखेच्या किल्लीचे ९, ‘व्ही २७’चे ५, खुद्द तारखेचे २८, समाप्तीच्या ओळीचे १०, यात प्रत्येक ओळीअखेरचा एक बाइट धरलेला आहे. बेरीज ५६. वाचणारा प्रोग्रॅम या आकड्यावर विश्वास ठेवून तेवढेच बाइट उचलतो आणि पुढची नोंद तिथून सुरू झाली असं मानतो. आता बदलासोबत लिहिलेला मराठी शेरा घ्या. ‘परभणी’ या शब्दाचे यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट होतात, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो की वेलांटी, तीन बाइट घेतं. ‘सेलू’चे १२. शेऱ्यात परभणीचं सेलू केलंत, तर शेऱ्याची लांबी, गुणधर्मांची लांबी आणि एकूण लांबी, तिन्ही आकडे तीनने कमी करावे लागतात. फाइलच्या मजकुराला हात लावला तर एमडी५ आणि शा-१ हे पडताळणीचे आकडेही नव्याने काढावे लागतात. म्हणून हे काम प्रोग्रॅमकडून करून घ्यायचं: नोंद वाचायची, बदलायची, आकडे पुन्हा मोजायचे, लिहायची. एडिटर ओळींचे शेवट गुपचूप बदलतो आणि डंपमधली चित्रं, झिप फाइली बाद होतात, हे वेगळंच.

मग ती सेटिंगची फाइलच इतिहासातून गाळून का टाकू नये? त्यासाठी एसव्हीएनडंपफिल्टर नावाचं तयार साधन आहे. पण सबव्हर्जनमध्ये शाखा काढली की नोंद एवढीच होते: अमुक फोल्डर, अमुक रिव्हिजनमधून, म्हणजे अमुक क्रमांकाच्या नोंदीतून, नकलला. आत काय काय आलं याची यादी नसते. मूळ जागची सेटिंग फाइल गाळली की शाखेतही ती येत नाही. पुढे कुणी शाखेतल्या त्या फाइलमध्ये बदल केलेला असेल, तर नोंद ‘बदल’ म्हणते आणि बदलायला फाइलच नसते. भरणं तिथेच अडतं. या कामात फाइल ठेवून फक्त पासवर्डचा मजकूर बदलणं शहाणपणाचं होतं.

सगळ्यात जुना वाद मात्र क्रमांकांचा आहे. काही रिव्हिजन गाळून पूर्ण रिकाम्या होतात. त्या काढून टाकून पुढच्यांना नवे क्रमांक देण्याची सोय याच साधनात आहे, आणि नीटनेटकेपणाची आवड असलेला प्रत्येक जण ती वापरायला बघतो. वापरू नये. तक्रारींच्या नोंदी, ग्राहकांना गेलेली पत्रं, जुने ईमेल, सगळीकडे जुने क्रमांक लिहिलेले असतात. रिकामी रिव्हिजन जागच्या जागी राहू द्यावी. काही न सांगितलं तर साधनही तेच करतं.

जीसीसी हा नावाजलेला कंपायलर जानेवारी २०२० मध्ये सबव्हर्जनवरून गिट या दुसऱ्या नोंदप्रणालीवर आला. गिटमध्ये अनुक्रमांक नसतातच. प्रत्येक नोंदीची ओळख तिच्या मजकुरातून आणि आधीच्या नोंदीतून काढलेली असते, त्यामुळे एक जुनी नोंद बदलली की पुढच्या सगळ्यांची ओळख बदलते. तरीही त्या मंडळींनी अडीच लाखांहून अधिक नोंदी आणताना शेऱ्याखाली जुना सबव्हर्जन क्रमांक लिहून ठेवला. ही त्यांची समज लेखकाला फार मोलाची वाटते.

जुन्या नोंदी नव्या प्रणालीत आणण्याचं हेच काम आपल्याकडे महसूल खात्याने प्रचंड प्रमाणावर केलं. हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारा तंतोतंत जुळावा म्हणून २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झालं, चुका एडिट आणि री-एडिट मॉड्यूलमधून दुरुस्त झाल्या, आणि १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. आता लेखनप्रमाद सापडला तर महसूल संहितेच्या कलम १५५ खाली आदेश लागतो आणि त्या आदेशाचाही फेरफार होतो. दुरुस्तीचीही नोंद ठेवण्याची ही शिस्त सॉफ्टवेअरवाल्यांनी तहसीलमधून शिकावी.

त्या कंपनीचा डंप दुरुस्त होऊन नव्या रिपॉझिटरीत भरला गेला, प्रत्येक रिव्हिजन जुन्याशी ताडून पाहिली. कुठल्या रिव्हिजनमध्ये काय बदललं याची यादी सोबत दिली. जुनी रिपॉझिटरी मिटवायची की कुलपात ठेवायची, यावर तिथे अजून एकमत नाही. डेटाबेसचा पासवर्ड तेवढा त्यांनी लगेच बदलला. जुन्या फाइली कुणाकुणाच्या लॅपटॉपवर उतरलेल्या आहेत, हे कुठल्याही डंपमधून कळत नाही.