टर्बो हवाच!

'टर्बो' हा शब्द आपल्याकडे कशालाही लावतात. वॉशिंग मशीनला, पंख्याला, दाढीच्या ब्लेडला, अगदी ऑफिसमधल्या फास्ट बोलणाऱ्या कलीगलासुद्धा. पण आमच्या घरातल्या शेंडेफळाने 'ताई, मी स्विफ्टला टर्बो लावतोय' असं जाहीर केलं, तेव्हा त्याला खराखुरा टर्बोचार्जर म्हणायचं होतं. दोन लाखांच्या घरातलं कोटेशन, आणि गाडी बाबांची!

गाडी म्हणजे 2015 ची पेट्रोल स्विफ्ट. बाबांनी रिटायरमेंटच्या पैशांतून घेतलेली, आरसी बुकावर अजून त्यांचंच नाव. आता ती चालवतो भाऊ. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये आणि महिन्यातून एकदा साताऱ्याला. गोची तिथेच आहे. खंबाटकी घाट, आत पाच माणसं, एसी चालू आणि समोर लोड भरलेला ट्रक. ओव्हरटेक करायला जावं तर गाडी आवाज फार करते, पुढे मात्र सरकत नाही. मग एसी बंद, गिअर खाली... तेवढ्यात बाजूने एखादी टर्बोवाली सुळकन निघून जाते. पंचविशीतल्या पोराच्या इगोला हे कसं झेपायचं?

खरं सांगू? मला त्याचं म्हणणं येडपटपणाचं वाटलं नाही. कारण टर्बोचा फंडा सॉलिड आहे. इंजिन म्हणजे श्वास घेणारं यंत्र. जितकी हवा आत, तितकं पेट्रोल जाळता येतं, तितकी ताकद. साधं इंजिन हवा स्वतः ओढून घेतं, तीही वातावरणाच्या दाबाने, म्हणजे साधारण 14.7 पीएसआय. टर्बो काय करतो, तर सायलेन्सरमधून फुकट जाणाऱ्या गरम वायूवर एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हे चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं! नुसता 6 पीएसआय जादा दाब मिळाला, तरी कागदावर 40 टक्के जास्त हवा. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने याचं पेटंट 1905 मध्ये घेतलं होतं. म्हणजे वाया जाणाऱ्या गोष्टीतून ताकद. कोणत्याही मराठी माणसाला आवडेल अशीच आयडिया.

त्यात आमच्या वकिलांचं आर्ग्युमेंट तयार होतं. 'पोलो जीटी टीएसआय बघ ना! तीही 1197 सीसी, आपलीही 1197 सीसी. तिची ताकद 105 पीएस, आपली 84. टॉर्क तिचा 175, आपला 115. फरक फक्त टर्बोचा!'

हा 'फक्त' किती महाग आहे, ते गॅरेजमध्ये कळलं. एका शनिवारी मीही सोबत गेले. गॅरेजवाले काका पन्नाशीचे, हात ऑइलने काळे, बोलणं एकदम शांत. त्यांनी आधी स्विफ्टचा कॉम्प्रेशन रेशो सांगितला. 11 ला 1. म्हणजे पिस्टन वर येतो तेव्हा आतलं मिश्रण अकराव्या भागात दाबलं जातं. त्यात आधीच दाबलेली हवा घातली, तर ठिणगी पडायच्या आतच किंवा पडल्यावर भलत्याच कोपऱ्यात मिश्रण पेटतं. यालाच नॉकिंग म्हणतात. 'ताई, आतून हातोडी मारल्यासारखं असतं ते. आधी पिस्टनच्या रिंगांची जागा तुटते, मग कनेक्टिंग रॉड वाकतो.'

'पण डिझेल स्विफ्टला तर होता टर्बो,' भाऊ म्हणाला. होता ना. पण डिझेलमध्ये पिस्टन नुसती हवा दाबतो, इंधन शेवटी येतं. लवकर पेटायला आत काही नसतंच. पेट्रोलचं तसं नाही. म्हणून तर बीएमडब्ल्यूने 1973 मध्ये '2002 टर्बो' काढली, तेव्हा रेशो थेट 6.9 वर आणला होता. कंपनी टर्बो लावते, तेव्हा पिस्टनपासून कूलिंगपर्यंत सगळं त्या हिशेबाने बनवते.

त्याहून भारी किस्सा ओल्ड्समोबाइल 'जेटफायर'चा. 1962 ची अमेरिकन गाडी, साडेतीन लिटरचं व्ही-8, आणि रेशो 10.25. नॉकिंग होऊ नये म्हणून इंजिनात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारायची सोय. नाव काय, तर 'टर्बो रॉकेट फ्लुइड'! मालक मंडळी ती टाकी भरायलाच विसरायची. शेवटी कंपनीने कित्येक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले. आम्ही घरात गॅसचा नंबर वेळेवर लावत नाही, तिथे रॉकेट फ्लुइड कोण भरणार?

काकांची यादी मात्र संपेना. टर्बोला बसेल असा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बनवून घ्यायचा. दाबलेली हवा तापते, ती गार करायला पुढे इंटरकूलर. टर्बोच्या बेअरिंगसाठी इंजिन ऑइलची वेगळी लाइन. मोठे इंजेक्टर, नवा पंप, ईसीयूचं ट्यूनिंग. आणि एवढी ताकद आली, की जुना क्लच घसरणार. दोन लाख म्हणजे सुरुवात!

दुसरी भानगड कायद्याची. कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपात असे बदल करता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षी मोटर वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन शिक्षाही ठरली. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे 5 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि ती कुणाला? गाडीच्या मालकाला. म्हणजे बाबांना! शिवाय अपघात झाला आणि इन्शुरन्सवाल्यांनी बॉनेट उघडलं, की क्लेमवर पाणी सोडायची तयारी ठेवायची. हे ऐकल्यावर भाऊ पहिल्यांदा गप्प झाला.

रात्री जेवताना त्याने बाबांना सगळं सांगितलं. मला वाटतं, ही त्यातल्या त्यात शहाणपणाची गोष्ट. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं, भाताचा घास संपवला आणि विचारलं, 'ॲव्हरेज किती देईल?' मग थोड्या वेळाने, 'तुझी आई असते रे मागच्या सीटवर.'

काकांनी ॲडव्हान्स घ्यायच्या आधी कॉम्प्रेशन टेस्टची अट घातली होती. ती पुढच्या शनिवारी झाली. तीन सिलिंडर ठणठणीत, दुसऱ्याचं प्रेशर बरंच कमी. व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता. घाटातली निम्मी रडारड त्याचीच! हेड उतरवून व्हॉल्व्हचं काम केलं. बिल दोन लाखांच्या जवळपासही गेलं नाही. गेल्या महिन्यात साताऱ्याला गेलो, तर खंबाटकीत एसी बंद करावा लागला नाही. ट्रकच्या मागे राहिलो, पण थंडगार.

भाऊ आता सेकंडहँड टर्बो-पेट्रोलच्या जाहिराती चाळतोय, कंपनी फिटेड. ईएमआयचं गणित रोज रात्री नव्याने मांडतो. हौसेने आधीच घेऊन ठेवलेलं इंटरकूलर मात्र कपाटावर पडून आहे. विक म्हटलं तर विकत नाही.