आरोळीत बसणारे नाव

आपल्याकडे माणसाला बहुधा तीन नावे असतात. एक पाळण्यात ठेवलेले, एक शाळेच्या दाखल्यावर चढलेले आणि एक गावाने बहाल केलेले. पहिली दोन वडीलधाऱ्यांनी विचार करून ठेवलेली असतात. तिसऱ्याचा विचार कुणीच केलेला नसतो. ते कुणाच्या तरी तोंडून निसटते. आणि गंमत अशी की, टिकते ते हेच. दाखल्यावरचा पुरुषोत्तम फक्त हजेरी घेणाऱ्या मास्तरांना ठाऊक असतो. गाव ओळखते ते ‘बोक्या’ला.

माणसांचे जे, तेच खेळणाऱ्या संघांचे. हे माझ्या ध्यानात आणून दिले माझ्या भाच्याने. हा मुलगा अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठात शिकतो. मी इकडे नांदेडात मुलांना मराठी शिकवतो. त्याने मध्यंतरी तिकडच्या एका फुटबॉल सामन्याचे ध्वनिमुद्रण मला मोबाइलवर पाठवले. हजारो माणसे एका सुरात, अगदी संथपणे, मठात जप चालावा तसे काहीतरी म्हणत होती. आमच्या सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून विचारले, “अहो, कुणाकडे कीर्तन आहे का?”

“मामा, ही आमच्या कॉलेजची आरोळी,” भाच्याने खुलासा केला. “रॉक चॉक, जेहॉक, केयू.”

चॉक म्हणजे खडू. तो शब्द ऐकताच कुठल्याही मास्तराचे कान टवकारणारच. मी खोलात शिरलो, तेव्हा कळले की ही आरोळी मुळात मास्तरांचीच. 1886 साली तिथले रसायनशास्त्राचे प्राध्यापक बेली यांनी विज्ञान मंडळासाठी ती रचली. आधी तिच्यात नुसते ‘रा, रा’ होते. पुढे एका इंग्रजीच्या प्राध्यापकाने सुचवले की, त्याऐवजी ‘रॉक चॉक’ घाला. जेहॉकशी यमक जुळेल, आणि विद्यापीठ ज्या टेकडीवर उभे आहे तिथला चुनखडीचा खडकही आरोळीत येईल. भाषेच्या मास्तराचा खेळाच्या मैदानावर काही उपयोग झाल्याचे एवढे एकच उदाहरण मला माहीत आहे, म्हणून ते अगत्याने सांगितले. तिकडचा फुटबॉल बव्हंशी हातानेच खेळतात, हा भाग वेगळा.

आता हा जेहॉक कोण? तर असा पक्षी कुठल्याच रानात नाही. 1850 नंतरच्या दशकात कॅन्ससमध्ये गुलामगिरी असावी की नसावी यावरून रक्तपात झाला. त्या धुमाळीत धाडी घालणाऱ्या टोळ्यांना ‘जेहॉकर’ म्हणत. म्हणजे नाव फारसे सभ्य नव्हते. पण 1861 साली कॅन्सस गुलामगिरीमुक्त राज्य म्हणून संघराज्यात आले आणि तेच नाव लोक अभिमानाने मिरवू लागले. 1912 साली एका विद्यार्थ्याने त्या नसलेल्या पक्ष्याचे चित्र काढले, त्याच्या पायांत बूटही चढवले, आणि तो विद्यापीठाचे शुभचिन्ह होऊन बसला. अशा चिन्हाला तिकडे ‘मॅस्कॉट’ म्हणतात. हा शब्द दक्षिण फ्रान्समधल्या बोलीतून आला, आणि त्याचा मूळ अर्थ जादूटोणा, तोडगा. आपण पोराच्या दंडाला ताईत बांधतो. त्यांनी संघाला पक्षी बांधला, इतकेच.

याहून मजेची गोष्ट पर्ड्यू विद्यापीठाची. 1891 साली पर्ड्यूने शेजारच्या गावातल्या वॉबॅश कॉलेजचा सपशेल पराभव केला. त्या गावच्या वृत्तपत्राने चिडून लिहिले की, आमच्या कोवळ्या पोरांना या दांडगट बॉयलर-कारागिरांनी तुडवले. शिकलेल्या मुलांना लोहारकामाच्या नावाने हिणवायचे, हा त्यातला डाव. पर्ड्यूच्या मुलांनी काय करावे? निषेध नाही, खुलासा नाही. त्यांनी ते नावच घेऊन टाकले. आज सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, ते स्वतःला ‘बॉयलरमेकर्स’ म्हणवतात. ‘बॉयलरमेकर’ हे तिथे आता बिरुद झाले आहे.

मात्र दुसऱ्याचे नाव परस्पर उचलून त्याचा खेळ केला, तर गोष्ट निराळी. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा संघ पूर्वी ‘इंडियन्स’ म्हणवत असे. म्हणजे तिथले आदिवासी. मैदानावर त्यांच्या वेषाची सोंगे नाचत. ज्यांचे ते नाव, त्यांना कुणी विचारलेच नव्हते. अखेर तिथेच शिकणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्यांनी हरकत घेतली आणि 1972 साली विद्यापीठाने ते नाव सोडले. नाव कुणी कुणाला ठेवले, यापेक्षा ते ज्याचे त्याने स्वीकारले की नाही, यावर सगळे अवलंबून आहे.

हे सगळे ऐकून वाचक म्हणतील, की आपल्याकडे कुठे आहे असले काही? आहे तर. कोल्हापूरला जावे. तिथल्या शाहू स्टेडियमवर जे संघ भिडतात, त्यांची नावे पाहावीत: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, संध्यामठ तरुण मंडळ, आणि उत्तरेश्वरची वाघाची तालीम. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल आपलासा केला, आणि पेठेचे, देवळाचे, पाटाचे नाव अंगावर घेऊनच ते मैदानात उतरले. कुठल्या जाहिरात कंपनीने ही नावे सुचवली नाहीत. पुढे 2014 साली कबड्डीची व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली, तेव्हा ‘पुणेरी पलटण’ आणि ‘यू मुंबा’ ही नावे मुद्दाम घडवली गेली. तीही चालली, कारण ‘पलटण’ आणि ‘मुंबा’ हे शब्द लोकांच्या तोंडात आधीपासूनच घोळत होते.

आमच्या मराठवाड्यात मात्र पंचाईत आहे. नांदेड आणि लातूरची महाविद्यालये ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्याचे नाव ‘स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ’. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे अग्रणी असलेले स्वामीजी स्वतः शिक्षक होते. नाव अगदी योग्य. पण मैदानावर एवढे म्हणून होईपर्यंत समोरचा संघ गोल करून मोकळा होतो. म्हणून लोकांनी त्याचे ‘स्वारातीम’ केले. हे मात्र आरोळीत बसते.

विद्यापीठाच्या नावाविषयी बोलताना मराठवाड्यातल्या माणसाने फार विनोद करू नये, हेही मी जाणतो. 1958 साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे, असा ठराव विधिमंडळाने 1978 साली केला. ते नाव प्रत्यक्ष दारावर लागायला 14 जानेवारी 1994 उजाडला. मधल्या सोळा वर्षांत घरे जळली, माणसे गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे 1978 सालीच मारले गेले, आणि 1993 साली नांदेड शहरात गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. ज्या समाजाला शतकानुशतके गावाने वाटेल त्या नावाने हाक मारली, त्याने आपल्या माणसाचे नाव विद्येच्या दारावर मागितले होते. ‘नावात काय एवढे’ असे म्हणणाऱ्याला एकतर चांगले नाव आयते मिळालेले असते, नाहीतर वाईट नाव कधी चिकटलेले नसते.

लातूरचेच पाहा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात धरणी हादरली, आणि जगाच्या दृष्टीने लातूर म्हणजे भूकंप असे समीकरण झाले. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा लातूर म्हणजे तहान. पण याच शहराने चाचण्यांवर चाचण्या घेऊन, पोरांना घासूनपुसून परीक्षेला उभे करण्याची आपली रीत बसवली आणि ‘लातूर पॅटर्न’ हे तिसरे नाव कमावले. आज लातूर आणि नांदेड या दोन्ही गावी खेड्यापाड्यांतली हजारो मुले ‘नीट’ नावाच्या परीक्षेसाठी येऊन राहतात. गल्लोगल्ली वसतिगृहे, खाणावळी आणि शिकवण्या आहेत. नाही एवढेच, की ओरडायला मैदान नाही.

या मुलांना नावे कशी पडतात, ते मी जवळून पाहतो. वसतिगृहात कुणी कुणाला स्वतःच्या नावाने हाक मारीत नाही. ‘ए किनवट’, ‘ए मुखेड’, ‘ए निलंगा’! ज्याचा जो तालुका, ते त्याचे नाव. त्यात माया असते. दुसरे एक नाव मात्र असे आहे, की ते ऐकताच मुलाची मान खाली जाते. ते नाव ‘रिपीटर’. पहिल्या खेपेस गुण कमी पडले म्हणून पुन्हा परीक्षेला बसणारा तो रिपीटर. त्याची तुकडी वेगळी, बाक वेगळा, आणि लग्नकार्यात काकांनी विचारायचा प्रश्नही वेगळा.

काही वर्षांपूर्वी नांदेडात महाविद्यालयांचे फुटबॉल सामने होते. आमच्या मुलांची गाठ लातूरच्या एका संघाशी पडली. प्रेक्षक म्हणजे वसतिगृहातली तीस-चाळीस पोरे, मी आणि एक शेंगदाणेवाला. आरोळी ठरलेली नव्हती, म्हणून पोरे तालुक्यांच्या नावाने ओरडत होती. “निलंगा, पळ! निलंगा, मार!” तिकडून लातूरचे समर्थक खवळले, “निलंगा आमच्या जिल्ह्यात आहे!” पंचांनाही हसू आवरेना.

आमचा गोलरक्षक दोन वर्षे ‘नीट’ देऊन, हरून, बी.एस्सी.ला आलेला. वसतिगृहात त्याला ‘रिपीटर’ म्हणत, आणि ते मायेने म्हणत नसत. सामना संपता संपता लातूरला पेनल्टी मिळाली. त्याने उडी घेऊन चेंडू अडवला. पण पाय रेषेवरून वेळेआधीच सुटले होते, म्हणून पंचांनी पुन्हा किक मारायला लावली. त्याने ती पुन्हा अडवली. क्षणभर शांतता. मग कुणीतरी ओरडले, “रिपीटर!” आणि सगळीच पोरे त्या एका शब्दावर ताल धरून नाचू लागली. तोच शब्द, त्याच जिभा. पण त्या मुलाची मान मी पहिल्यांदा ताठ पाहिली. पुढे एकदा मी हटकले, तर तो म्हणाला, “सर, आता सगळेच मला रिपीटर म्हणतेत. म्हणू द्या.”

तेव्हापासून माझे असे मत झाले आहे, की हिणवणारे नाव एकट्याच्या वाट्याला आले तर डाग होते आणि दहा जणांत खांद्यावर घेतले तर बिरुद होते. पर्ड्यूच्या पोरांना ते जमले, कारण ती अकरा जण होती आणि त्यांच्यामागे गाव होते. बंद खोलीत प्रश्नसंच सोडवणारा मुलगा मात्र एकटा असतो. त्याला चिकटलेले नाव उलटे करून घालायला त्याच्यापाशी संघ नसतो. खेळाचा तास आम्ही वेळापत्रकातून पुसतो, तेव्हा त्याच्याबरोबर हा संघही पुसला जातो, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

दिवाळीला ही मुले घरी येतात. आई चकल्यांचा डबा पुढे करते, आणि वडील चाचणीत किती पडले ते विचारतात. त्यात गैर काही नाही. पैसे भरलेले असतात, जीवही तुटत असतो. पण त्याआधी एकदा सहज विचारून पाहावे, “काय रे, तिकडे तुला पोरे काय म्हणून हाक मारतात?” तो हसून नाव सांगू लागला, तर निर्धास्त असावे. आणि तो गप्प राहिला, विषय बदलू लागला, तर गुणांचे तेवढे भाऊबीज होईपर्यंत राहू द्यावे. त्याला चार दिवस गल्लीतल्या पोरांबरोबर ओरडू द्यावे.